खुर्चीतली पाहुणी

८ जानेवारी १९९७
आलो बुवा सुरतेला! बमरोलीतलं हे व्यसनमुक्ती केंद्र छोटंच, पण ऊन छान येतं. वरच्या मजल्यावर आमची राहायची खोली. दारूबंदीच्या राज्यात दारू सोडवायला डॉक्टर लागतो, यावर हर्षदा वाटभर हसली. लग्नाला वर्ष नाही झालं आणि बायको नवऱ्याच्या पोटापाण्यावर हसते! इथे हुरड्याला पोंक म्हणतात. लिंबू पिळून तो खाल्ला आणि तिने शहर पास करून टाकलं. पेशंट बहुतेक खानदेशातले, लूमवर कापड विणणारे.

१२ जानेवारी
आज चिंधा नावाच्या पेशंटला रिकाम्या खुर्चीसमोर बसवलं. मानसोपचारातली ही माझी लाडकी पद्धत. खुर्चीत दारू बसलीय असं समजायचं, मनातलं सगळं बोलायचं आणि तिला निरोप द्यायचा. चिंधाने आईबहिणीवरूनच सुरुवात केली. मी दटावलं. इतक्या वर्षांची सोबत आहे, पाहुणीसारखी वाटेला लाव म्हटलं. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "या." किती शहाणा माणूस! आता सगळ्यांना असंच शिकवणार.

१९ जानेवारी
चिंधाने बायकोचा हात मोडला. लूमच्या धोट्याने, हाड बाहेर येईपर्यंत मारलं. तोंडाला दारूचा वास नाही. म्हणतो, मी नव्हतो, ती होती. आणि दुसरा पेशंट हिलाल, त्याने सख्ख्या भावाचा कान चावून तोडला. तोही प्यालेला नव्हता. त्यानेही परवाच हात जोडून निरोप दिला होता.

२१ जानेवारी
चिंधाची बायको मालतीबाई प्लास्टरमधला हात घेऊन आली आणि माझ्यावर खेकसली, "दारूले कोनी 'या' म्हनतस का, डॉक्टरसाहेब?"
मी हसलो. मग लक्षात आलं. जाणाऱ्याला आपण 'जा' म्हणत नाही, 'या' म्हणतो. बाटलीत होती ती, मी अंगात बोलवायला शिकवलं.

२२ जानेवारी
दुपारी मीच खुर्चीसमोर बसलो. 'जा' म्हणायचं, घोकून ठेवलं होतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीत बांगड्या वाजल्या. मी उठून उभा राहिलो, हात आपोआप जोडले गेले आणि— जन्माची सवय मेली— "या" म्हणालो.

२३ जानेवारी
कंपाउंडर शालिग्राम चहा घेऊन आला. पेपरवेटने त्याचं कपाळ फोडलं. तो पडल्यावरही मारत राहिलो. मी दारूला शिवत नाही. रक्त बघून बरं वाटलं— बरं वाटलं, हे मीच लिहिलं? हर्षदाला आजच माहेरी पाठवायला हवं—

दुपारी
उजवा हात मीच पट्ट्यांनी खाटेला बांधलाय. गाठी दातांनी ओढल्या. डावा अजून माझा आहे, त्याने लिहितोय. तोंड माझं राहिलं नाही. त्यातून पाहुणी बोलते, माझ्याच आवाजात. तिने वर हाक मारली— "हर्षदा, जरा खाली ये गं"—

हर्षदा आली. रडतेय. कुणी बांधलं विचारतेय. पेशंटांनी, असं पाहुणीने सांगितलं—

हर्षदा, वहीत बघ. तोंडाकडे नको, वहीत— गाठ सोडू नकोस— एक सुटली— राणी, पळ— प