नाव न लिहिलेला फॉर्म

मंगळ., ४ मार्च
वॉर्डात ‘कर्मचारी समाधान’चे फॉर्म वाटले. नाव लिहायचं नाही. इन्चार्ज शिंदे सिस्टरनी आधीच बजावलं, हॉस्पिटलची तपासणी येतेय, चार-पाचवरच टिक करा. शबानाने उभ्याउभ्या सगळे पाच केले नि सलाईन बदलायला पळाली. मला जमेना. घरी आणला.

बुध., ५
भरला. ‘सूचना’खाली सहा ओळी. अठ्ठावीस पेशंटना आम्ही दोघी. बेड ११चे आजोबा बेडपॅनसाठी पाऊण तास थांबले, शेवटी चादर ओली केली आणि माझीच माफी मागत राहिले. नातेवाइकांच्या शिव्या आम्हाला. सुट्टी आयत्या वेळी रद्द. शेवटी लिहिलं: काम आवडतं, म्हणूनच राग येतो. चारदा वाचून वॉर्डातल्या फॉर्मच्या पेटीत टाकला.

शुक्र., ७
शिंदे सिस्टरच्या टेबलावर माझा फॉर्म. पेटी कोणी उघडली? मी विचारायच्या आधी सिस्टरनीच विचारलं,
“घरी जाणाऱ्या पेशंटना गोळ्यांच्या वेळा मराठीत तूच लिहून देतेस ना? हे अक्षर वॉर्डात दुसऱ्या कुणाचं आहे गं?”
आईने शाळेच्या आधीच गावी, नेऱ्याच्या घरी पाटीवर घटवून घेतलेलं अक्षर. वेलांटी चुकली की पाटी पुसून पुन्हा.
दुसरा फॉर्म दिला. माझं पर्मनंट नोकरीचं पत्र सोमवारी निघणार आहे, म्हणाल्या, विचार कर. आवाज अगदी मायेचा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. संताप संताप. तरी इंजेक्शनं दिली. प्रत्येक नाव दोनदा तपासून.

शनि., ८
शबाना म्हणाली, “लिखा सही है यार. पण लिहिलंस कशाला? टिकमार्कला अक्षर नसतं.” हसू आलं. मग तिचाही राग आला.
आईला सांगितलं. “खोटं लिवलंस का? नाय ना? मग जेव.” भांडी घासताना हळूच, “पन तुला ठेवतील ना गो?”
झोप नाही. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन माझ्या नोकरीवर अवलंबून.

सोम., १०
दुसरा फॉर्म भरून थेट हातात दिला. सूचना त्याच, शब्दही तेच. सिस्टरनी पूर्ण वाचला. म्हणाल्या, “आजोबांचं तेवढं काढायचं होतंस.” मी म्हटलं, नाही काढणार.
त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. पेटीत नाही. फाडलाही नाही.
पत्र आलं नाही. निघताना ड्यूटी चार्ट पाहिला. उद्या माझी सकाळ आहे. बुधवारपासून सगळ्यांच्या पाळ्या लिहिल्यात, माझ्या नावापुढे काहीच नाही.