तापल्या सिमेंटवरची कॉफी

तीर्थरूप बाबांस, कोरापुटच्या डोंगरातून उर्वशीचा नमस्कार.

शेतातल्या एकाच बांधीतले धान, पण डांबरी रस्त्यावर वाळवलेले गिरणीत फुटून कनकी होते, सावलीतले मात्र अख्खे निघते. हे तुम्हीही पाहिले असेल.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होते. फक्त एक कोडे सुटत नाही. माझ्या सांगण्यावरून इथल्या चाळीस घरांनी कॉफी तापल्या सिमेंटवर चारच दिवसांत वाळवली. "कडक ऊन काहून वाया घालवता?" हे तुमचेच वाक्य मी त्यांना ऐकवले. सुकरीमावशींनी एकट्यांनी आपली टोपली सावलीत ठेवली, मी हसले. यंत्रावर दोन्हींचा ओलावा सारखाच भरला, तरी चव तपासणाऱ्यांनी मावशींची कॉफी घेतली आणि आमचा ढीग नाकारला. वरून घाईने आक्रसलेला दाणा आतून तडकतो काय? खात्री होत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत?

माझ्यासाठी एवढे करा. ओल्या धानाची एक मूठ डांबरावर, दुसरी सावलीत वाळवा. दोन्हींतले शंभर-शंभर दाणे हाताने सोलून अख्खे तांदूळ मोजा, म्हणजे दाणा गिरणीत फुटतो की वाळतानाच आतून तडकतो ते कळेल. डांबरावरचे जास्त तुटले, तर रविवारच्या सभेत चाळीस घरांसमोर मी आधी मावशींची क्षमा मागेन.

तुमची,
उर्वशी