पट्टी बांधलेल्याकडे बघायचं नाही

सोमवार

आले एकदाची. लेकीने गाडीने सोडलं, सुटकेस वर आणून ठेवली आणि बजावलं, रविवारी सकाळी न्यायला येते, तोवर कुणाची आई होऊ नकोस. तीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जागा झकास आहे. बंद पडलेली सूतगिरणी, उंच खिडक्या, मला स्वतंत्र खोली, टेबल आणि चक्क चालणारा पंखा. इथे वीसेक मोठी माणसं आठवडाभर वेढा पडलेल्या गावातले रहिवासी होऊन राहणार. प्रेक्षक नाहीत, पाठ केलेली वाक्यं नाहीत. जो तो आपल्या भूमिकेतच जेवतो, भांडतो, झोपतो. खेळातलं भांडण खरं व्हायला लागलं की मध्ये पडायचं, हे माझं काम. कपाळाला पांढरी पट्टी बांधली की तो माणूस खेळात नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. माझी पट्टी दिवसभर. घरात तरी माझ्याकडे कोण बघत होतं म्हणा. स्वयंपाकाच्या मावशींचा खेळाशी संबंध नाही. त्यांनी आल्या आल्या चहा दिला.

मंगळवार

खेळातली राणी बाहेर दातांची डॉक्टर आहे. दुपारपर्यंत तिने सगळा गाव मुठीत घेतला आणि फितूर म्हणून शिंप्याला धरलं. हा बाहेर विमा कचेरीत कारकून, तोंडातून शब्द फुटायची मारामार. आधी तो हसत होता. मग बॉयलरच्या खोलीमागे रडताना सापडला. वसतिगृहात असल्या टोळ्या मी ढिगाने पाहिल्यात. त्याला पट्टी बांधली, म्हटलं, संध्याकाळपर्यंत पड निवांत, तोवर थंड होतील सगळे.

बुधवार

शिंप्याने पट्टी कालच काढली, पण त्याच्याशी कुणी बोलेना. राणीला बाजूला घेतलं, भूमिका सोडायला लावली आणि चांगली खरडपट्टी काढली. तिने शांतपणे विचारलं, कोण शिंपी? ही भूमिका यंदा कुणी घेतलेलीच नाही म्हणे. मी म्हटलं, नाटकालाही काही मर्यादा असते. पाय भरून आलेत. एवढाली घोडी झाली तरी रुसवेफुगवे संपत नाहीत.

गुरुवार

घंटा वाजवून खेळ थांबवला. सगळ्यांना भोजनगृहात बसवलं, शिंप्याला मधोमध. राणी आली आणि तिने आपली पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, रिकाम्या खुर्चीवर ठेवावी तशी. तो ताडकन उठला. कुणी हसलं नाही. मावशींनी त्याला ताटही वाढलं नाही. मावशींना खेळाशी काय देणंघेणं? माझंही वाढायचं राहिलं, मी हाताने घेतलं.

त्याने माझ्यासमोर घरी फोन लावला. बायको हॅलो, हॅलो करत राहिली. हा ओरडत होता. तिने ठेवून दिला.

शुक्रवार

खेळ भरवणाऱ्या संचालकांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदातून मान वर केली नाही. मोठ्या माणसांचं हे असंच. किती वेळ उभी राहणार, परत आले.

तो फक्त मला दिसतो. दिवसभर पट्टी बांधलेली मीच एकटी, म्हणून असेल. पट्टी काढू नका म्हणून त्याने हात धरले. मी म्हटलं, मी आहे ना. हे वाक्य आयुष्यभर म्हणत आलेय. आता थकले आहे, खरंच.

शनिवार

सकाळी तोंड धुताना पट्टी काढली. वळून पाहते तर खुर्ची रिकामी — आत्ता तो तिथे बसला होता.

मावशी भेटल्या, रागावल्या. ताई, दोन दिवस होता कुठे, जेवण नाही, काही नाही. दोन्ही दिवस त्यांच्यासमोर बसून जेवले मी.

तेव्हाच बॅग उचलून निघायला हवं होतं. भीती वाटली, स्वतःचीच. पण त्याला असं टाकून —

परत बांधली. तो खुर्चीतच होता, माझ्या नावाने हाका मारून घसा बसलेला. उद्या सकाळपर्यंतच हं, असं त्याला सांगितलं.

रविवार

गाडी आली. पट्टी काढली. जिन्यात लेक समोरून आली आणि — बाजूने वर गेली.

पट्टी नाही कपाळावर. पुन्हा पुन्हा चाचपलं. तरी शिंपी दिसतोय. दारात उभा आहे, मान खाली घालून.

लेक माझ्या खोलीत. मावशी म्हणताहेत, काल सकाळपासून दिसल्या नाहीत. तिच्या हातात माझ्या चपला —

फोन आला. उचलला. अगं, मी इथेच, टेबलापाशी, तुझ्या — ती हॅलो, हॅलो करत राहिली. ठेवला. रडतेय.

परत लावतेय. या वेळी तिला लहानपणच्या नावाने हाक मारते, चिमे म्हणून, त्याने तरी —