आई शहर बघायला निघते

९ मे
आला एकदाचा! धाकटे बंधुराज अल्वीझे, सपत्नीक, मिलानहून. ‘आठवडाभर व्हेनिस बघायला’ म्हणे. जन्मला इथे, शेंबूड पुसला इथे, आणि स्टेशनपासून आईच्या घरी यायला फोनला वाट विचारतो! भावजय चिंझिया — पांढरेशुभ्र बूट, हत्तीएवढी बॅग. एकेका पुलाच्या पायऱ्यांवर ती बॅग अशी आदळली, की अख्ख्या गल्लीला कळलं, पाहुणे आले.

बघायला काय आलाय ते मला ठाऊक आहे. आईचं घर! तिला समुद्रावरच्या मोठ्या पुलापलीकडे, जमिनीवरच्या मेस्त्रे गावातल्या कुठल्याशा फ्लॅटात नेऊन टाकायचं, आणि हे घर पर्यटकांना द्यायचं. मी बरी देईन!

१० मे
चिंझिया कालव्याकडे बघून — “हे पाणी रोज बदलतात का?”
मी म्हटलं, “हो. सोमवारी सुट्टी.”
तिने मान डोलावली.

११ मे
आईला काय झालंय? म्हणे, मीपण येते फिरायला. गुडघे कुरकुरतात, आणि बाईंना गोंडोल्यात बसायचंय! उभ्या जन्मात कधी त्यात बूड टेकवलं नाही. “ते परक्यांचे चोचले,” म्हणायची.

नावाड्याने विचारलं, “आजी, कुठल्या तुम्ही?”
आईने बिनदिक्कत थाप मारली — “बेर्गामोची.”

मग काय! त्याने प्रत्येक महालासमोर एकेक राजकन्या बुडवली, आणि आई “अगं बाई! बिचारी!” करत ऐकत राहिली. अल्वीझे नजर चुकवत होता. त्यानेच पढवलंय. आधी तिला परकी करायची, मग घराबाहेर काढायची. हुशार आहे हो!

१२ मे
चौकात आईने फोटो काढून घेतला. डोक्यावर कबुतर. हसत होती.

१३ मे
पाण्याकाठचे ते दोन खांब. पूर्वी त्यांच्या मधोमध माणसांना फासावर चढवायचे. इथला माणूस तिथून जात नाही, वळसा घालतो. लहानपणी मी एकदा धावत निघाले, तर आईने वेणी धरून मागे खेचलं होतं. आज तीच आई सरळ मधून चालू लागली. काठी टेकत, सावकाश.
“आई, नको!” अल्वीझे ओरडला.
“मला आता काय त्याचं?” ती वळून म्हणाली. “मी पाहुणी.”
त्याचे डोळे भरले. आव तर बघा मेल्याचा!

१४ मे
सकाळी कॉफी ओतता ओतता आईनेच सांगितलं. मेस्त्रेतला फ्लॅट तिने स्वतः ठरवलाय. लिफ्ट आहे. पुढच्या महिन्यात जाणार. अल्वीझेला तिनेच बोलावलं, सांगायला — आणि तो आल्यापासून ‘जाऊ नकोस’ म्हणून तिच्या विनवण्या करतोय.

“माझ्या सगळ्या मैत्रिणी पुलापलीकडे राहायला गेल्या. इथे बोलू कुणाशी?”
“मी आहे ना! दोन गल्ल्या सोडून तर राहते.”
“तू बोलतेस कुठे, ओर्नेल्ला? तू टोमणे मारतेस.”