सुमीच्या खोलीतला पंखा

२ मे, औसा
सुट्टी लागली, आले माहेरी. उमरीहून इथवर एस.टी.त नुसती भाजून निघाले. धाकट्या सुमीची लेक आज पहिल्यांदा बघितली. बारशाला काही येता आलं नव्हतं. एवढीशी, बापाचं नाक. पण ओठ लई कोरडे.
खोली पत्र्याची. खिडकी बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाजेखाली शेगडी पेटलेली, सुमीच्या कानाला फडकं. बाहेर आगडोंब अन् आत शेक! मायला म्हटलं, "बाळंतीण ठेवलीय का हुरडा भाजायला घातलाय?"
"तुझी दोन बाळंतपणं मी अशीच काढली. मेलीस का?"
माझी दोन्ही ऐन थंडीतली. पण मायला कोण सांगणार.

४ मे
सुमीचे मालक येऊन गेले. शिवराजराव. लातूर जिल्हा झाला अन् नव्या कचेरीत ते कारकून झाले, तेव्हापासून चालच बदललीय त्यांची. पण माणूस मायाळू. बायकोसाठी टेबलपंखा आणला, बसमध्ये सगळी वाट मांडीवर धरून.
मायनं दारातच अडवला. "वारं लागलं की बाळंतीण जन्माची अधू होती. सव्वा महिना पंख्याचं नाव काढायचं न्हाई."
जावयासमोर कोण बोलणार. पंखा बैठकीत गेला. आता बाबा त्याच्यापुढं धोतर फुगवून बसतात अन् आल्यागेल्याला हौसेनं वारं खाऊ घालतात. जिच्यासाठी आणला ती आत शिजून राहिली.

७ मे
टँकर आज पण नाही. विहिरीत नुसता गाळ. मायच्या मते बाळंतिणीनं पाणी पिऊ नये, पोट सुटतं. टंचाईत बरं सापडलंय हे! मी चोरून तांब्या देते, पण द्यायला तरी कुठाय.
लेक दूध ओढते, सोडते, किरकिरते. सकाळपासून लंगोट कोरडा. माय म्हणते, "गुणाची हाय, भिजवत न्हाई." मला हे लक्षण बरं दिसत नाही. दवाखान्याचं काढलं तर बाबा म्हणाले, उन्हाचं कुठं नेता.
सुमी हात धरून म्हणाली, "ताई, एकदा लाव ना गं पंखा. जीव जाऊन राहिला माझा."

८ मे
लावला!
टँकर आला म्हणून माय घागरी घेऊन पळाली, बाबा देवळात. पंखा उचलला, आत नेला, कुणी बघू नये म्हणून दार लावून घेतलं. चिंध्या काढल्या नाहीत, मायच्या लगेच ध्यानात आलं असतं. शेगडी तशीच राहिली. घाईत सुचलंच नाही.
सुमी डोळे मिटून हसली. बारीकसं. लेकीला पण झोप लागली. दारात घागर टेकल्याचा आवाज आला तसा पंखा बैठकीत नेऊन ठेवला. मायला पत्ता नाही. मी आपली खुशीत, वर चहा केला सगळ्यांना.

९ मे
लेकीला ताप. अंगाला हात लाववत नाही.
सुमीनं भिऊन सगळं सांगून टाकलं. मायनं मला बोलायचं बाकी ठेवलं नाही. "शिकलीस म्हून पोरीच्या जिवावर उठलीस व्हय गं?" मीठमोहऱ्या उतरवल्या. शेगडीत आणखी कोळसे घातले.
वाऱ्यानं ताप येतो यावर माझा विश्वास नाही. नव्हता. काल लावला, आज ताप. आता काय म्हणू?
तरी म्हटलं, "सुमे, खिडकी तरी उघडू का?"
"नको ताई. तू हात लावू नको आता."
अंगाखांद्यावर खेळवलेली बहीण माझी. लई लागलं.

१० मे, लातूर
सकाळी टाळू बघितली, खड्डा पडलेला. रडायला तोंड उघडते पण आवाज नाही. मग कुणाला विचारलं नाही. लेक पदराखाली घेतली, सुमीला उठवलं, स्टँड गाठला. माय शिव्या देत मागं आली अन् गाडीत चढून बसली. पायात चप्पल नव्हती तिच्या.
सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी सलाईन लावली. कुठं ठेवली होती, आईला पाणी किती देत होता, सगळं विचारलं. मी पंख्याचं पण सांगितलं. खरं तर वाटलं होतं, मायसमोर म्हणतील, बरं केलंत.
"बंद पत्र्याची खोली, खाली शेगडी, अन् वर पंखा? बाई, भट्टीला भाता लावलात तुम्ही. आधी शेगडी बाहेर, खिडकी उघडी, तिला ओलं फडकं, मग पंखा." मायकडं वळून म्हणाल्या, "अन् आजीबाई, भट्टी तुमची."
माय खाली बघत राहिली. मी पण.

११ मे
शिवराजराव कचेरीतून तसेच आले. लेकीचा पाय धरून उभे राहिले. "कशानं झालं?"
सुमी माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात माय म्हणाली, "उन्हाळाच तसला हाय औंदा. कुणाचं चुकलं न्हाई."
मायनं स्वतःला झाकलं का मला, कळेना. रडू आलं, बाहेर नळाकडं गेले. नळ कोरडा.

१२ मे
ताप थोडा कमी. लेक डोळे उघडत नाही. चमच्यानं दूध घातलं, ओठाच्या कडेनं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही.
माय पायरीवर जप करून राहिली. आम्ही दोघीच कॉटजवळ. सुमी म्हणाली, "ताई, पंखा लावला नसता तर?"
"तरी हेच झालं असतं. आधीपासूनच सुकत होती ती." हे खरंच आहे.
"मग खिडकी का न्हाई उघडलीस?"
मायला कळू नये म्हणून. एवढंच. तोंडापर्यंत आलं अन् तिथंच राहिलं. नर्स बाटली बदलायला आली, आम्ही सरकून जागा दिली. सुमी अजून माझ्याकडंच बघत होती.