वारा अंगावर घेणारीला माझे घर

मी, सुरुची हणमंत भारंबे, वय एकसष्ट, रेल्वेतून निवृत्त तिकीट तपासनीस, राहणार जगतपुरा, जयपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे गुडघे निकामी झाले आहेत; डोके शाबूत आहे, याची डॉक्टरांनी खात्री केली आहे.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर माझ्या पश्चात रत्नमाला भीमराव रामटेके यांना मिळावे. भाचा संकेत विचारील, "मावशी, ती आपली कोण लागते?" त्याच्यासाठी लिहून ठेवते.

रत्नमाला लांब पल्ल्याच्या धावण्यात पुढे अनेक वर्षे राष्ट्रीय विजेती होती. आम्ही दोघी एकाच मैदानावर तयार झालो. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. ते गेले आणि क्वार्टर सोडण्याची नोटीस आली. त्याच हिवाळ्यात बस्सी ते जयपूर शर्यत होती. पहिल्या दोघींना रेल्वेत नोकरी मिळणार होती.

आग्रा रोडवर समोरून बोचरा वारा सुटला. मी गळपटले. मागची मुलगी जवळ येऊ लागली. रत्नमाला विक्रमाच्या वेगाने पुढे चालली होती. तिने वळून पाहिले, वेग कमी केला आणि मी जवळ येताच म्हणाली, "माझ्या पाठीला चिकटून राहा. वारा मी घेते."

जीपमधून कोच पृथ्वीराजजी ओरडले, "छोड़ उसको! रेकॉर्ड जाएगा!"

"जाने दो, सर," एवढेच ती बोलली.

सगळी वाट तिने तो वारा छातीवर घेतला. ओठ फुटून रक्त आले होते. शहर लागल्यावर ती सुसाट सुटली आणि तरीही पहिली आली! मी दुसरी. मला नोकरी लागली, आईला छप्पर मिळाले. तो विक्रम मात्र तिला पुढेही कधी मोडता आला नाही.

"का केलंस गं?" मी विचारले.

"तुझा श्वास ऐकू येत होता. तो मागे टाकून कशी जाऊ?"

असे माणूस मी दुसरे पाहिले नाही. आजही सांगताना अंगावर काटा येतो.

२. बँकेतील ठेवी संकेतला. घरावरून त्याने कोर्टकचेरी केल्यास त्याही रत्नमालाला.

३. पृथ्वीराजजींना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये.

४. रत्नमाला अजून रोज सकाळी धावायला जाते. मी गेले त्या दिवशीही तिने जावे. अग्नी तिनेच द्यावा; ती परत येईपर्यंत मला थांबवून ठेवावे. मला घाई नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सुरुची हणमंत भारंबे
साक्षीदार: १. मीनाक्षी राजपुरोहित, शेजारी (सही)
२. डॉ. राघव माथुर (सही)

जयपूर, ९ फेब्रुवारी २०२५