होडीवर फोडलेला नारळ

ती. सौ. कुंदाताईस,

कळंबहून श्रीकृष्णचा नमस्कार. या खेपेस मान जरा जास्तच खाली आहे असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची साखर (आणि तुझ्यामागे ते खातात ती साखर) ताब्यात आहे ना? इकडे सगळे ठीक. मला सर्दी आहे, पण ती माझ्या कर्माची, तिची चौकशी करू नकोस.

रविवारी संध्याकाळी मी फोनवर म्हणालो की तुझ्या केतकीने पसंत केलेला हा साकेत निष्काळजी आहे, आपली पोर त्याच्या हाती देऊ नये. तू म्हणालीस, गुरुवारी त्याच्या घरी नकार कळवते. आज मंगळवार. खरं सांगायला मी चार वेळा फोन लावला, पण तू हॅलो म्हणालीस की पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे (उद्या पोचेल असं तो माणूस म्हणतो).

साकेतने दोन वर्षं खपून गच्चीवर प्लायवूडची शिडाची होडी बनवली, हे तुला माहीत आहेच. ती टेम्पोत घालून तो शनिवारी नागपूरहून आला आणि आम्ही बेंबळा धरणावर गेलो. तू मला मुलगा पारखायला सांगितलं होतंस, म्हणून मी धुतलेली पँट घालून गेलो. शनिवारी दिवसभर पाऊस. आम्ही टेम्पोत बसून तुझ्या वहिनीने दिलेला चिवडा संपवला. रविवारी मात्र लख्ख ऊन पडलं. आता नवीन वाहन, पहिल्यांदा पाण्यात जाणार, आणि पूजा नाही असं कसं चालेल? मी हळद, कुंकू, जास्वंद, नारळ सगळं घरून नेलं होतं. साकेत म्हणाला, मामा, नारळ त्या दगडावर फोडा. मी म्हणालो, चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या दारात लहानाचा मोठा झालो, मला नारळ फोडायला शिकवतोस? आणि होडीच्या नाकावर हाणला. पहिल्या दोन घावांत फुटला नाही. तिसऱ्यात फुटला, आणि त्याच्यासोबत खाली आणखी काहीतरी वाजलं.

बोटभर चीर होती, ताई. साकेत पाठमोरा दोर सोडत होता. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी काय केलं? ओलं कुंकू इतकं थापलं की चीर दिसेना, आणि वर जास्वंद चिकटवलं. (त्याने कौतुकाने फोटोही काढला. केतकीला पाठवला असेल.)

अर्धा तास छान गेला. मग वाऱ्याला काय झालं कोण जाणे. आधी एका अंगाने आला, मग दुसऱ्या, मग ढग उतरले आणि पाऊस सुरू. मी छत्री उघडली. शिडाच्या होडीत छत्री उघडू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छत्री धरणाने घेतली, शिडाचा दांडा गर्रकन फिरून माझ्या टाळूला लागला, आणि खाली बघतो तर पाय पाण्यात. लालसर पाण्यात. साकेतने नाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझा जेवणाचा डबा रिकामा करून पाणी उपसायला दिला. त्याला काही कळलं नाही, असं मी समजलो.

शेवटी जवळच्या तांड्यावरचा देवसिंग, जो तिथे जाळी टाकतो, त्याने आम्हाला ओढत काठाला आणलं. तोवर पुन्हा ऊन. लालीबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, काळा चहा दिला. देवसिंग होडीभोवती फिरून म्हणाला, "कायनं फुटली जी? नवी तं दिसून राह्यली."

साकेत म्हणाला, "जोड माझाच कच्चा राहिला, काका."

देवसिंगने माझ्याकडे बघितलं. "तुमी मोठे होते नं बाबूजी. पोराले सांगाव लागते."

यावर तुझा भाऊ काय बोलला ते लिहिताना हात जड होतो आहे. मी म्हणालो, "आजकालची पोरं ऐकतात कुठे?"

साकेत खाली बघून चहा पीत राहिला. आणि घरी आल्यावर, पुढेमागे त्याला कळून त्याने कुणाला काही सांगायच्या आत आपणच त्याच्यावर ढकलून मोकळं व्हावं, या भीतीने मी तुला तो फोन केला. मला फार लाज वाटते, ताई. बासष्ट वर्षांचा झालो आणि एका नारळापायी पोरीच्या लग्नात खोटं बोललो. नकार कळवू नकोस. भाऊजींना नमस्कार, केतकीला आशीर्वाद (घेत असेल तर).

तुझा,
श्रीकृष्ण

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी धीर करून साकेतला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "माहीत आहे मामा. कुंकू आत येत होतं ना." मग म्हणाला, मावशींना (म्हणजे तुला) सांगू नका, त्या तुमच्यावर रागावतील. मी शब्द दिला.

ता. क. २. तो शब्द या पत्राने मोडलाच आहे, तेव्हा त्याच्यापुढे तू काही माहीत नसल्यासारखी राहा. गुरुवारी होकार कळव. कारण विचारलं तर काहीही सांग, फक्त मामाने मुलगा पारखला असं सांगू नकोस.